हलक्या कानाचं काळीज

माणसानं माणसाचा हेवा करावा, यात नवल नाही. शेजाऱ्याच्या म्हशीचा केला तरी समजू शकतं. पण श्रीमंत औटीनं सत्त्याण्णव सालच्या हिवाळ्यात, वयाच्या शेहेचाळिसाव्या वर्षी, एका पांढऱ्या उंदराचा हेवा केला, आणि असा मनापासून केला की तो दोघांच्याही जिवावर बेतला.

श्रीमंत मुळात जळका. हे त्याची बायको राहीबाईच सांगायची, त्याच्यासमोर, पाहुण्यांना चहा देता देता. पारनेरकडच्या त्याच्या गावात धाकट्या भावाच्या, भाऊसाहेबाच्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा सगळ्या वस्तीनं पेढे खाल्ले. श्रीमंतनं पेढा हातात धरून सांगितलं, "खारं निघंल." पाणी निघालं गोड. पुढच्या वर्षी भाऊसाहेबानं कांदा केला आणि श्रीमंतनं गाव सोडलं. लोकांना वाटलं दुष्काळानं घालवलं. खरं म्हणजे भावाच्या विहिरीवरची मोटार सुरू झाली की याला जेवण जायचं नाही.

तो आला कोपरगावच्या बाजूला. उसाच्या फडांच्या मधोमध दवाखाना जोडलेलं एक मेडिकल कॉलेज तिथं नुकतंच उभं राहत होतं. माळी, शिपाई, वॉर्डबॉय अशा सगळ्या जागा भरून झाल्या होत्या. उरलं होतं ते उंदरांचं काम. कागदोपत्री त्या खोलीला 'प्राणीगृह' म्हणत, बाकी सगळे 'उंदीरखाना'. शिपायाला गणवेश मिळाला आणि आपल्याला नाही, या दुःखात श्रीमंतची पहिली दोन वर्षं गेली. पुढं तो रुळला. कॉलेजची पोरं त्याला 'मामा' म्हणू लागली.

आणि खोटं कशाला बोला, कामात तो पक्का होता. पिंजऱ्यात लाकडाचा भुसा अंथरायचा, दुसऱ्या दिवशी काढायचा, नवा घालायचा. प्रयोगासाठी उंदरांना सुई टोचून मधुमेह करत. झाला की नाही, हे पाहायला रक्ताची पट्टी लागायची, आणि पट्ट्या कायम तुटवड्यात. श्रीमंत सकाळी पिंजऱ्यातला भुसा मुठीत धरून दाबायचा. ज्याला साखर झाली तो पाणी ढोसतो आणि तेवढंच मुततो. त्याचा भुसा चिखलासारखा मुठीतून गळायचा. "ह्याला चढली साखर," तो म्हणायचा. पट्टी नंतर तेच सांगायची. मोठे मोठे प्राध्यापक त्याच्या मुठीवर विसंबून असत, पण तोंडानं कुणी कधी कबूल केलं नाही, आणि हेही तो विसरला नव्हता.

सत्त्याण्णवच्या दिवाळीनंतर उंदीरखान्यात डॉक्टर यशोधरा आल्या. नगरच्या एका पोस्टमनची मुलगी, तिशीची, घरातली पहिली डॉक्टर. वडिलांना साखर होती. टपाल वाटता वाटता सायकलवरच कोसळले. नंतर कळलं की त्यांचं हृदय फुगून गेलं होतं. साखर रक्तात, मग हृदयानं काय बिघडवलं होतं? हाच प्रश्न घेऊन त्या आल्या होत्या. अठरा उंदीर, तीन पिंजरे. पहिल्यात सहा ठणठणीत. दुसऱ्यात साखरेचे सहा. तिसऱ्यातही साखरेचेच सहा, पण त्यांना रोज एक औषध टोचायचं. ते औषध बाजारात मिळणारं नव्हतं. परदेशी गेलेल्या मैत्रिणीच्या हातापाया पडून, आठ महिने वाट पाहून मॅडमनी एक इवलीशी बाटली मिळवली होती.

"हे औशिद साखर उतरवतं का?" श्रीमंतनं विचारलं. कारण तिसऱ्या पिंजऱ्याचा भुसाही दुसऱ्याइतकाच ओला होता.

"साखरेला हात लावत नाही, मामा. फक्त हृदयाला." मॅडमना समजावून सांगायची हौस होती, आणि ऐकायला दुसरं कुणी नव्हतं. "आपलं शरीर बारीक बारीक पेशींचं बनलेलं असतं ना, त्या प्रत्येक पेशीच्या अंगावर कान असतात असं समजा. आम्ही त्यांना रिसेप्टर म्हणतो. 'वाढ' असा निरोप आला की हे कान ऐकतात आणि पेशी वाढते. जखम भरायची असते, पोर मोठं व्हायचं असतं, तेव्हा हे लागतंच. पण माझा अंदाज असा आहे, की साखर खूप दिवस राहिली की हे कान नको तेव्हा वाजायला लागतात. निरोप नसताना हृदय ऐकत राहतं, वाढ, वाढ. भिंती जाड होतात, रक्ताच्या नळ्या आखडतात. आणि जाड झालं म्हणून जोर वाढत नाही, उलट दम जातो. हे औषध त्या कानांत बोळा घालतं."

श्रीमंतनं थोडा विचार केला. "जास्त पान्याचा ऊस. दिसायला मनगटायेवढा, आन् रस निव्वळ पानी."

"तसंच काहीसं."

"म्हंजी काळीज हलक्या कानाचं झालं म्हनायचं. कुनी काय बी सांगितलं की खरं."

मॅडम हसल्या, आणि हसता हसता त्यांनी ते वहीच्या कडेला लिहून ठेवलं. श्रीमंत दोन दिवस हवेत होता. त्याचं बोलणं कुणी लिहून घेतलं, असं आजवर झालं नव्हतं.

पण हा आनंद फार टिकला नाही, कारण तिसऱ्या पिंजऱ्यात 'साहेब' होता.

उंदीर ओळखू यावेत म्हणून प्रत्येकाच्या अंगावर पिवळा ठिपका देत. एकाच्या डोक्यावर, एकाच्या पाठीवर, एकाच्या शेपटीवर, असं. तीनही पिंजऱ्यांत पद्धत तीच. तिसऱ्यातला डोक्यावर ठिपकेवाला उंदीर मोठा तरतरीत होता. साखरेनं बाकीचे वाळून कोपऱ्यात बसत, हा मात्र मॅडमची चाहूल लागली की जाळीला नाक लावून उभा. मॅडम सुई द्यायच्या आधी त्याला तळहातावर घेत, मानेवरून बोट फिरवत आणि विचारत, "काय रे, कसा आहेस? झोप लागली का?" श्रीमंतनंच त्याला 'साहेब' नाव ठेवलं. त्यात लाड नव्हता, टोमणा होता.

तेरा वर्षं तो या खोलीत वावरत होता. कसा आहेस, हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. आणि विचारायला हवं होतं, कारण तो बरा नव्हता.

दोन वर्षांपासून त्याला तहान लागत होती. तांब्या तोंडाला लावला की रिकामाच होऊन खाली यायचा. पायाला मुंग्या, पावलं संध्याकाळी सुजलेली. अलीकडं पाण्याच्या टाकीचा जिना चढताना मधेच बसावं लागायचं. जो माणूस मुठीनं उंदराची साखर सांगतो, त्याला स्वतःचं कळत नव्हतं असं नाही. चांगलं कळत होतं. पण कळणं वेगळं आणि कागदावर लिहून घेणं वेगळं. लिहिलं की खरं होतं, असं त्याला वाटे. राहीबाई मागं लागली, "आवो, दवाखान्यात ऱ्हाता आन् दवाखाना करीत न्हाई, ह्याला काय म्हनावं?" एकदा तर ती दोन दिवस त्याच्याशी बोललीच नाही.

शेवटी जानेवारीतल्या एका गुरुवारी तो ओपीडीच्या रांगेत उभा राहिला. आपल्याच कॉलेजचा दवाखाना, पण तोंडावर ओळख दाखवणारं कुणी नव्हतं. तीन तास उभं राहिल्यावर एका शिकाऊ डॉक्टरनं छातीला नळी लावली आणि ईसीजी काढायला पाठवलं. ईसीजीच्या खोलीतला माणूस म्हणाला, "कागद संपलाय, मामा. रोल यायचाय. सोमवारी या."

तो उंदीरखान्यात परतला. आत टेबलावर साहेब आडवा होता. मॅडमनी त्याला जराशी गुंगी दिली होती, पायांना बारीक तारा लावल्या होत्या, आणि शेजारच्या मशीनमधून कागद सरसर बाहेर येत होता. उंदराचा ईसीजी.

"बरं झालं आलात," मॅडम म्हणाल्या. "जरा धरा हो हा कागद. जमिनीला लागू देऊ नका."

श्रीमंतनं धरला. उंदराच्या काळजाची वेलांटी वीतभर, हातभर, दोन हात होऊन त्याच्या बोटांतून सरकत राहिली. माणसाला कागद नाही, उंदराला आहे! तो रोल मॅडमनी स्वतः पुण्याहून आणला होता, दवाखान्याचा नव्हता; पण जळणाऱ्या माणसाला एवढा तपशील लागत नाही. त्याच्या पोटात जो आगडोंब उसळला तो भावाच्या विहिरीच्या वेळीही उसळला नव्हता. भाऊ निदान माणूस होता. ह्या उंदराला रोज औषध, रोज विचारपूस, डोक्यावर हात. ह्याचं काळीज वाचावं म्हणून सातासमुद्रापलीकडून बाटली आली. आणि आपण सोमवारी यायचं.

सोमवारी तो गेला नाही. "न्हाई जात जा," असं तो स्वतःशीच म्हणाला, जणू काही त्यामुळं दवाखान्याचं नुकसान होणार होतं.

त्याच आठवड्यात, भुसा बदलताना त्यानं ते केलं. मॅडम जेवायला गेल्या होत्या. साहेबाला शेपटी धरून उचललं आणि दुसऱ्या पिंजऱ्यात, बिनऔषधाच्या उंदरांत सोडलं. तिथला डोक्यावर ठिपकेवाला उचलून तिसऱ्यात टाकला. ठिपका तोच, पिंजऱ्यावरचं कार्ड तेच. पाच सेकंदांचं काम. नवरा मेला तरी चालेल, पण सवत विधवा झाली पाहिजे, अशातली गत. यात मॅडमच्या अभ्यासाचा गळा कापला जातोय, हे त्याच्या ध्यानात आलं नाही असं म्हणून त्याला सोडून देता येईल, पण मी म्हणणार नाही. आलं होतं. त्यानं तिकडं पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिसऱ्या पिंजऱ्यातल्या नव्या उंदराला तळहातावर घेतलं. तो आकसून बसला. "आज ओळख देत नाही हा," त्या म्हणाल्या. "रुसला वाटतं." दुसऱ्या पिंजऱ्याच्या जाळीला नाक लावून साहेब उभा होता. तिकडं त्यांचं लक्ष गेलं नाही. श्रीमंतला आतून असं गार गार वाटलं, की त्या दिवशी तो घरी शीळ घालत गेला.

पहिले पंधरा दिवस मजेचे होते. तिसऱ्या आठवड्यात साहेबाची तरतरी गेली. केस विस्कटले. जाळीशी यायचा, पण उशिरा, आणि आल्यावर उभा राहायचा नाही. पोट टेकून बसायचा आणि बरगड्या भराभर वरखाली व्हायच्या. श्रीमंत भुसा भरता भरता थांबून बघायचा. ते धापा टाकणं त्याला ओळखीचं वाटलं. टाकीच्या जिन्यावर, सातव्या पायरीला, तो स्वतः असाच बसायचा.

आता त्याला शीळ सुचेना. साहेबाला परत त्याच्या पिंजऱ्यात ठेवावं, असं दोनदा मनात आलं. दोनदा हातही घातला. पण एकदा मॅडम आल्या, आणि एकदा त्याच्या मनातलाच जुना आवाज आला: काय एवढं, उंदीरच तर हाय. हलक्या कानाचं काळीज फक्त साखरेनंच होतं असं नाही.

मार्चच्या मध्याला प्रयोग संपला. अठराही उंदरांना ईथर देऊन कायमचं झोपवायचं, हृदय काढायचं आणि तोलायचं. नुसतं वजन नाही. दर शंभर ग्रॅम अंगामागे हृदय किती मिलीग्रॅम, असा हिशेब. मॅडम तोलत आणि आकडा सांगत. श्रीमंत ताटली धरून उभा. दुसऱ्या पिंजऱ्याचे आकडे आले, तीनशे ऐंशी, तीनशे नव्वद. तिसऱ्याचे तीनशे दहा, तीनशे पंधरा. मॅडमचा चेहरा फुलत गेला. औषध लागू पडलं होतं. कान बंद केले की हृदय जाड होत नव्हतं.

शेवटी राहिला तिसऱ्यातला डोक्यावर ठिपकेवाला. तीनशे सत्तर.

मॅडमनी तराजू पुसला, पुन्हा तोलला. तीनशे सत्तर. तराजूची खात्री करायला दुसऱ्यातला डोक्यावर ठिपकेवालाही त्यांनी पुन्हा तोलून पाहिला. तो तीनशे साठ, म्हणजे बाकीच्या पाचांपेक्षा वीस-तीसनं कमी.

त्या स्टुलावर बसल्या. जेवणाचा डबा तसाच बंद होता. मग म्हणाल्या, "सहातला एक असा निघाला, तर माझ्या गाइड सरांना काय सांगू? औषध धरतं असं छातीठोक म्हणता येणार नाही."

"तो येक सोडून द्या की," श्रीमंत म्हणाला.

"नाही सोडता येत, मामा. जे आलं ते लिहायचं. बाटली तर संपली. पुन्हा करायचं म्हटलं तरी..." त्यांनी स्वतःचा उजवा हात समोर धरला, आणि त्या हाताकडेच बघत राहिल्या. "माझाच हात चुकला असणार. रोज त्याला टोचताना लाड करत होते, लक्ष नसेल. सुई नीट गेली नसेल. बाबांच्या नावानं करायला घेतलं आणि माझ्याच हातानं घालवलं."

हे मात्र श्रीमंतला सोसलं नाही. त्या ओरडल्या असत्या, त्याच्यावर संशय घेतला असता, तर तो दगडासारखा उभा राहिला असता. तेरा वर्षांची सवय होती. पण ही बाई स्वतःच्या हाताला दोष देत बसली होती.

"मॅडम," तो म्हणाला, "हात तुमचा न्हाई चुकला. माझा फिरला."

आणि त्यानं सांगून टाकलं. कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठला उचलून कुठं टाकला.

मॅडमना आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्या अशा उठल्या की स्टूल मागे पडलं. "अठरा जीव घेतले मी, मामा! उगाच घेतले नाहीत. तुम्हाला माहीत होतं हे कशासाठी आहे. तुमच्याइतकं इथं कुणालाच माहीत नव्हतं! का केलंत?"

"हेवा वाटला."

"कुणाचा?"

"साहेबाचा." त्यानं ताटलीकडं बोट केलं. "तुमी त्याला रोज इचारायच्या, कसा हायेस म्हनून. त्याचा कागद काढला, मला धराया दिला. त्याच दिशी मला म्हनले, कागद संपलाय, सोमवारी या. मी म्हनलं, ह्याला काय सोनं लागलंय? ह्यो जगंल आन् मी..."

रागानं मॅडमच्या नाकपुड्या हलत होत्या. त्यांनी स्टूल उचललं, वही ओढली आणि श्रीमंतनं सांगितलेली तारीख त्या दोन उंदरांपुढं लिहिली. सवयीनं बोटावर आठवडे मोजले. मोजता मोजता राग कुठंतरी मागं पडला आणि डॉक्टर पुढं आली.

"म्हणजे साहेबाला सात आठवडे औषध मिळालं," त्या पुटपुटल्या. "मग बंद. आणि पुढच्या फक्त सात आठवड्यांत तीनशे साठ. सात आठवड्यांत एवढं जाड झालं..."

"आन् मानसाचं?" श्रीमंतनं विचारलं. "दोन वर्सांत मानसाचं किती हुतं?"

मॅडमनी मान वर केली. "कुणाचं?"

श्रीमंतची नजर जमिनीकडं होती. मॅडमची नजर तिकडं गेली, तेव्हा पहिल्यांदा त्यांना त्याची पावलं दिसली. चपलेचा पट्टा सुजलेल्या मांसात रुतून बसला होता. पाच महिने हा माणूस त्यांच्यापासून चार हातांवर उभा होता.

"मामा," त्या हळूच म्हणाल्या, "तुमची साखर कधी तपासलीय?"

"पट्टी कशाला वाया घालता," तो म्हणाला. "माझ्या पिंजऱ्यातला भुसा दोन वर्सं वला हाय."

तरीही त्यांनी पट्टी काढली. त्याचं बोट स्वतः धरलं, टोचलं. आकडा आला चारशे बारा. मग त्याची नाडी पाहिली, बनियन वर करायला लावून छातीला नळी लावली आणि डोळे मिटून ऐकत राहिल्या. इतका वेळ ऐकत राहिल्या, की श्रीमंतला वाटलं ह्यांना झोप लागली.

"ते औशिद, कानात बोळा घालायचं," त्यानं विचारलं, "मानसाला चालतं का?"

"नाही, मामा. ते माणसापर्यंत यायला किती वर्षं लागतील, येईल की नाही, काही सांगता येत नाही. पण साखर उतरवायची औषधं आहेत. दम कमी करायची आहेत. ती दोन वर्षांपूर्वीही होती." हे शेवटचं त्यांना म्हणायचं नव्हतं, पण तोंडून गेलं.

मग त्यांनी त्याचा दंड धरला आणि त्याला चालवत ओपीडीकडं नेलं. दवाखान्याच्या वऱ्हांड्यात भिंतीला टेकून, उकिडवी, उभी अशी पन्नासएक माणसं सकाळपासून ताटकळली होती. मॅडम त्याला घेऊन रांगेच्या कडेनं थेट दारापर्यंत गेल्या आणि आत वर्दी दिली. शिपाई स्टूल घेऊन धावला. रांगेतलं एक म्हातारं मोठ्यानं म्हणालं, "वळख असली की बघा कसं आदुगर नेत्यात! आमी बसलोय हितं मरायला." सगळ्यांच्या नजरा श्रीमंतकडं वळल्या, आणि त्या नजरा त्याला चांगल्या ओळखीच्या होत्या. आयुष्यभर त्यानं दुसऱ्यांकडं तसंच पाहिलं होतं. आज पहिल्यांदा लोक त्याचा हेवा करत होते.

पण तेरा वर्षं दवाखान्याच्या आवारात काढलेल्या माणसाला, रांग मोडून आत कुणाला नेतात, ते ठाऊक असतं. दार उघडलं. आत जाण्याआधी श्रीमंतनं वळून पाहिलं. रांगेच्या अगदी टोकाला, उन्हात, एक माणूस बिडी विझवून कानावर ठेवत कंटाळून उभा होता. त्याला अजून तास-दोन तास तरी कुणी आत बोलावणार नव्हतं. श्रीमंतला त्याचा इतका हेवा वाटला, की त्याचे डोळे भरून आले.